बशीरची खबर आणि माझी जिलबी

माझी फजिती कुणी केली असं विचाराल, तर कुणी नाही. एका नावाने केली. आणि नाव तरी कसलं, अस्सल अरबी! थांबा, चहा ओता आधी, हे सावकाश सांगायचं प्रकरण आहे. तेव्हा मात्र मी ते सावकाश केलं नाही, तिथेच सगळा घोळ झाला.

महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. मी शहाद्याच्या एका शाळेत गणित शिकवत होतो. आमचं घर तापीकाठचं, गुजर शेतकऱ्याचं. काकांनी माझ्यासाठी खापर गावची एक मुलगी पाहिली होती. वडील कापसाचे व्यापारी, मूळचे आमच्यासारखेच तापीकाठचे. मुलीचं नाव कमल. आम्ही बघायला गेलो, तेव्हा काकांनी मला कोपराने ढोसलं, म्हणाले, काहीतरी विचार. मी विचारलं, "किती शिकलात?" ती म्हणाली, "सातवी. आणि तुम्ही?"

सगळे हसले. मी मात्र संपलो. खापरहून परत आलो तो नुसता देह; बाकीचा मी तिकडेच राहिलो होतो.

आता अडचण एकच होती. मुलीचे थोरले मामा. ते सागबाऱ्याकडे राहत आणि त्या दिवशी हजर नव्हते. त्यांच्या होकाराशिवाय त्या घरात पान हलत नसे. काकांनी त्यांच्यासाठी माझं वर्णन करून ठेवलं होतं की मुलगा फार गंभीर, मोजकं बोलणारा. आणि मुलीच्या वडिलांनी सांगितलं होतं, काय तो निरोप आमचा बशीर देईल. बशीर म्हणजे त्यांच्या कापसाच्या ट्रकचा ड्रायव्हर. तो शहाद्याच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, नेहमी माल आणायचा.

आमच्या शाळेत उर्दू शिकवणारे काझी सर होते. शब्दांचा त्यांना भारी नाद. मधल्या सुट्टीत मी सहज म्हणालो, माझं सगळं भविष्य आता एका बशीरच्या हातात आहे. काझी सरांनी पानाचा डबा बाजूला ठेवला. म्हणाले, "मास्तर, मग काळजी कसली? नावाचा मतलब ठाऊक आहे का? बशीर म्हणजे खूशखबर आणणारा."

मी खुर्ची पुढे ओढली. सर खुलले. म्हणाले, मूळ अरबी शब्द कातडीचा आहे. चांगली बातमी कानावर पडली की माणसाच्या चेहऱ्याची कातडी उजळते, म्हणून तसली बातमी ती बशारत आणि ती आणणारा तो बशीर. मग त्यांनी याकूब नबींची हकिकत सांगितली. मुलगा युसूफ हरवला म्हणून रडून रडून त्यांचे डोळे गेले होते. शेवटी एक जण युसूफचा सदरा घेऊन आला, त्याने तो म्हाताऱ्याच्या तोंडावर टाकला आणि गेलेली दृष्टी परत आली. त्या सदरा आणणाऱ्याला कुराणात बशीरच म्हटलंय. म्हणून अरबस्तानापासून आपल्या शहाद्यापर्यंत लोक हौसेने हे नाव ठेवतात. कुठल्या घराला चांगली बातमी नको असते?

आणि खरंच की हो! आमच्या गावात बशीर टेलर होता, बशीर टांगेवाला होता, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाराही बशीरच. बाजाराच्या दिवशी नुसतं "ओ बशीर" म्हटलं की अर्धा बाजार मागे वळायचा. काझी सर पुढे म्हणाले, "आता या नावाची दुसरी बाजू ऐका." एवढ्यात घंटा झाली. मी कसला ऐकतो? मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मी तरंगतच वर्गावर गेलो.

त्यानंतर शाळा सुटली की मी जिनासमोरच्या हॉटेलात जाऊन बसू लागलो. दोन-तीन दिवस काही नाही. एका दुपारी मात्र खापरचा ट्रक धुरळा उडवत आला. ड्रायव्हर उतरला. खापरला ट्रकपाशी लांबून पाहिलेली तीच दाढी, तीच हिरवी टोपी. तो थेट माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "मास्तर, तुमनाकडेच येवाव व्हतू. एक खबर शे."

खबर शे! बशीर म्हणतोय खबर शे! मग ती चांगलीच असणार ना? नावातच आहे की नाही? मी त्याला मिठी मारली. तो म्हणाला, "आयका तं, कानमा सांगानी शे." मी म्हटलं, आता कानात कशाला, आता गावात सांगायचं. हॉटेलवाल्याच्या कढईतून गरम जिलबी निघत होती. त्यातली एक उचलून मी त्याच्या तोंडात कोंबली. त्याने ती गिळून पुन्हा तोंड उघडलं, मी दुसरी कोंबली. त्याला वाटत होतं मी ऐकत नाही. मला वाटत होतं हा लाजतोय.

मग मला आवरणारं कोण होतं? हॉटेलात बसलेल्या सगळ्यांना मी जिलबी वाटायला लावली. पलीकडच्या पत्र्याच्या खोलीत बँडवाले सराव करत होते, त्यांना बाहेर बोलावलं. क्लॅरिनेटवाल्या बशीरला तर मी म्हणालो, आजचा दिवस तुझ्या नावाचा आहे, जोरात फुंक. ढोल सुरू झाला. माझी टोपी कुठे गेली ते मला कळलं नाही. मोजकं बोलणारा गंभीर मुलगा रस्त्यात हात वर करून नाचू लागला आणि जिनातले हमाल काम टाकून बघायला आले.

एवढ्यात ट्रकच्या केबिनमधून एक म्हातारेबुवा उतरले. डोक्याला फेटा, हातात छत्री, अंगावर ही धूळ. कापूस घालायला आलेला कुणी शेतकरी असेल, असं मला वाटलं. मी त्यांच्याही हातावर जिलबी ठेवली. त्यांनी शांतपणे विचारलं, "काय शे भाऊ? कसानी गडबड शे?"

मी म्हटलं, माझं लग्न ठरलं.

"कोठे?"

खापरला, मी म्हणालो. आणि इथे थांबलो असतो तर काय बिघडलं असतं, सांगा! पण नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणालो, "मंडळी फार चांगली आहेत हो. नुसता मुलीचा एक मामा तेवढा खडूस आहे म्हणतात. त्याचीच धास्ती होती. पण आला शेवटी वठणीवर म्हातारा!"

बुवांनी जिलबीचा तुकडा मोडला. "मामा खडूस शे, हाई कोणी सांगं?"

"सगळं खापर सांगतं," मी म्हणालो, आणि त्यांचा हात धरून त्यांना नाचायला ओढलं. खोटं कशाला सांगू, त्यांनीही छत्री वर करून दोन पावलं टाकली.

तेवढ्यात ड्रायव्हरची शेवटची जिलबी एकदाची घशाखाली उतरली. त्याने मला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"मास्तर, मी बशीर नही. बशीर मन्हा मोठा भाऊ. त्याले ताप शे, म्हणीसन मी उनू. मन्हं नाव नजीर. मी तुमले इतलंच सांगाले उंतू, मामा तुमले गुपचूप देखाले येल शेतस, मोटरमाच बठेल शेतस, जरा दमखाईसन ऱ्हा."

म्हणजे मामा मला चोरून बघायला त्याच ट्रकमधून आले होते! ढोल वाजतच होता. तो थांबवायचं सुचण्याइतकं डोकं माझ्या मानेवर उरलं नव्हतं. मी वळून पाहिलं. फेटेवाले बुवा हॉटेलवाल्याकडून पाणी मागून हात धूत होते. मी जाऊन त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, छत्री उघडली आणि जिनात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी काझी सरांना सगळं सांगितलं. ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. म्हणाले, "तेच तर सांगत होतो, तुम्ही घंटा ऐकून पळालात. कुराणात ही दोन नावं जोडीनं येतात. बशीर खूशखबर देणारा आणि नजीर सावध करणारा. म्हणून कितीतरी घरांत थोरला बशीर नि धाकटा नजीर. तुम्हाला सावध करायला माणूस आला, आणि तुम्ही त्याचं तोंडच बंद केलंत!"

पुढचा आठवडा कसा गेला ते विचारू नका. काका माझ्याशी बोलत नव्हते. वर्गात मी सात नि पाच अकरा लिहिले. आणि मग एका संध्याकाळी खरा बशीर आमच्या ओट्यासमोर येऊन उभा राहिला, तापाने उतरलेला चेहरा घेऊन. या खेपेला मी जागचा हललो नाही. त्याचं पूर्ण बोलून होईपर्यंत हात मांडीखाली दाबून बसलो.

मामांनी होकार दिला होता. घरच्यांना ते म्हणाले होते, "पोऱ्याना पोटमा काहीच ऱ्हात नही. आपली पोरपाशीन हाऊ काय लपाडी?" काही लपवता न येणं हाच माझा गुण ठरला होता! तरी माझा विश्वास बसेना, मी बशीरला ते पुन्हा सांगायला लावलं.

लग्न झालं, थाटात झालं. दोन वर्षांनी कमल बाळंतपणाला खापरला गेली. एका दिवशी मी वर्गात प्रमेय शिकवत होतो आणि पोरं सारखी हसत होती. खिडकीतून शिपाई डोकावून हसून गेला, हेडमास्तर दारावरून हसत गेले. मला संताप आला. मी अख्खा वर्ग उभा केला आणि दरडावून विचारलं, काय एवढं हसण्यासारखं आहे?

पहिल्या बाकावरचा पोऱ्या चाचरत म्हणाला, "गुरुजी, तुम्हले आंडोर व्हयना. खापरहून सांगेल शे, शाळा सुटाना पहिले तुम्हले सांगानं नही."

मला मुलगा झाला होता, आणि मी पुन्हा ढोल लावीन या धास्तीने सगळ्यांनी ते लपवलं होतं. सगळ्या शहाद्यात ती बातमी न कळलेला माणूस एकच होता. तो फळ्यापाशी खडू धरून उभा होता.