गाळपेरातले राजहंस

पहाटेपासून धुई अशी दाटली होती, की हातातल्या खोऱ्याचं टोक दिसेना. धरणाचं पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळात कारभारी उशिराच्या गव्हाला पाणी भरत होता. शेवटचा वाफा राहिला आणि लाईट गेली. धुईही जरा विरळली होती. मोटर थांबली तशी त्यानं बाभळीला अडकवलेली कॅमेऱ्याची पिशवी काढली.

"निघाली का स्वारी सवत घेऊन?" छबूबाईनं बांधावरून टोमणा मारला.

"तुझ्याआधीची हाय ती."

खरंच होतं. लग्नाआधीपासून कारभारी शेवगावात लग्नाचे फोटो काढायचा. मोबाईल आले, धंदा बसला, कॅमेरा तेवढा राहिला. मग दर हिवाळ्याला उत्तरेकडून येणारे राजहंस हेच त्याचं वऱ्हाड झालं. त्यांच्यासाठी त्यानं गाळपेरात कधी बुजगावणं उभं केलं नाही. पण वऱ्हाड लई मानी. माणूस दिसला, की थवा उडालाच. एकाचा तरी डोळ्यात डोळा घालून फोटो काढायचा, एवढी त्याची जन्माची हौस.

आज तो रांगत गेला, मग वाकून, मग चक्क उभा राहून. हंस उडेनात.

"हां, हलू नका," नवरीला सांगायचा तसं तो पुटपुटला.

ते हललेच नाहीत. त्यानं बटण दाबलं. समोरच्याची मान सावकाश कलली आणि चिखलाला टेकली.

कारभारीनं फोटो मोठा करून पाहिला. चोचीला गुलाबी दाणे चिकटले होते.

दाणे त्यानं ओळखले. पेरून उरलेलं, विषारी औषध चोळलेलं ते बियाणं. घरी ठेवलं तर म्हैस तोंड घालील म्हणून त्यानंच पोत्याचं तोंड बांधून पाण्यात बुडवलं होतं. कालवा सुटला, पाणी मागं हटलं, पोतं उघडं पडलं. आता ते समोरच चिखलात पडलं होतं, कुत्र्यांनी फाडलेलं.

"छबूऽऽ! डबा बडीव! उडीव त्यांना!"

छबूबाई डबा बडवत धावली. थोडे उडाले. बाकीच्यांनी नुसते पंख हलवले.

"उडाले त्यांनी खाल्लं नसंल ना वो?"

हाताला लागले तेवढे दाणे कारभारीनं वेचले, मेलेल्या हंसांसोबत खोल पुरले. मग अंगातला सदरा काढून काठीवर चढवला आणि काठी गाळात रोवली.

धुईत वरून कुठूनतरी एका हंसाची हाक आली. परत येत होती की लांब जात होती, कळेना.

"लाईट आली," छबूबाई हळूच म्हणाली. "वाफा कोरडा हाय."

त्यानं हात घासून धुतले, मोटर चालू केली आणि खोरं उचललं.