तिसऱ्या मजल्यावरचा ठिपका

तुमच्या भिंतीवर बर्फात उभ्या असलेल्या एका तीन मजली लाकडी घराचं छायाचित्र टांगलेलं आहे का? काळं-पांढरं. पायऱ्यांवर गुडघाभर बर्फ, दारावर आडव्या ठोकलेल्या फळ्या, सगळ्या खिडक्या काळ्याकुट्ट. खाली पेन्सिलीनं ‘घरी कुणी नाही’ असं नाव, पंचाहत्तरांतली कितवी प्रत तो आकडा, आणि व्ही. प्रुइट अशी सही. असेल, तर पुढचं नीट वाचा. त्या चित्रानं तुम्हाला खोटं सांगितलंय, आणि ज्या बाईंनी ते बनवलं त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

व्ही. प्रुइट म्हणजे मिस वर्डेल. आमच्या हार्लो स्ट्रीटवर त्यांना नुसतं ‘वर्डेल’ म्हणायची मुभा फक्त त्यांच्याहून मोठ्या माणसांना, आणि तसं आता एकच माणूस उरलंय. एरी सरोवराच्या काठच्या या शहरात मिस वर्डेलनी एकतीस वर्षं इस्पितळाच्या तळघरात क्ष-किरणांच्या फिल्म धुतल्या. ‘फुप्फुसातला डाग डॉक्टरच्या आधी मला दिसायचा’ ही त्यांची फुशारकी. ती खरीही होती. आमच्या गल्लीतल्या दोन माणसांना त्यांनी चर्चच्या पायऱ्यांवर गाठून पुन्हा तपासायला धाडलं होतं, आणि दोघंही त्यामुळे वाचली.

सुट्टीच्या दिवशी त्या गळ्यात जुना कॅमेरा अडकवून फिरायच्या. त्या काळात आमच्याकडे घरमालकांची एक रीत होती. आधी घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचं तेल बंद करायचं, मग वीज तोडायची, माणसं थंडीनं पळाली की दारावर फळ्या ठोकायच्या. महिन्या-दोन महिन्यांत घराला आग लागायची. कशी लागायची, ते विचारायला कुणी यायचं नाही. आम्ही काही जण मोर्चे काढायचो, पत्रकं वाटायचो, रस्त्यावर बसायचो. मिस वर्डेल मोर्च्याला कधी आल्या नाहीत. त्या समोरच्या फुटपाथवर उभ्या राहून प्रत्येक घराचा एक फोटो काढायच्या. एकच, कारण फिल्म महाग. मी तेव्हा तरुण होते, मला वाटायचं ही बाई भित्री आहे. आज त्या सगळ्या गल्लीचा पुरावा त्यांच्या बुटांच्या खोक्यांत आहे आणि माझ्या पत्रकांचा चिटोराही कुणाकडे नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या तळघरात डार्करूम केली आणि जूनच्या कलामेळ्यात तंबू लावायला लागल्या. पांढरा तंबू, जाळीच्या तीन भिंती, दोन घडीच्या खुर्च्या, सरोवरावरच्या वाऱ्यात उडू नये म्हणून चारही खांबांना वाळूच्या पिशव्या. मेळ्याआधीचा महिनाभर मी मदतीला असते. माझं काम माउंट कापायचं, म्हणजे जाड पुठ्ठ्यात तिरप्या कडांची खिडकी काढायची. मिस वर्डेल म्हणतात, तुझं तोंड बंद असतं तेव्हाच तुझा हात सरळ चालतो.

आणि त्यांचं काम ठिपके बुजवायचं. निगेटिव्हवर कितीही फुंकर मारा, धूळ बसतेच. जिथे धूळ तिथे प्रिंटवर पांढरा ठिपका. मग चार केसांचा कुंचला करड्या रंगात बुडवायचा, जिभेवर फिरवून टोक काढायचं, आणि पांढऱ्यावर एकेक टिंब ठेवत तो आजूबाजूच्या रंगात मिसळून टाकायचा. सगळा मे महिना मिस वर्डेलची जीभ करडी असते. चर्चमध्ये त्या तोंड मिटून गातात.

‘घरी कुणी नाही’ हे त्यांचं सगळ्यात जास्त विकलं जाणारं चित्र. अठ्ठ्याऐंशी नंबरचं घर, खोल्या-खोल्यांनी भाड्यानं दिलेलं. १९८८च्या जानेवारीत दुपारी चारला त्यांनी तो फोटो घेतला आणि त्याच संध्याकाळी घर जळालं. मालकानं सांगितलं, नाताळापूर्वीच घर रिकामं झालं होतं. सरकारी कागदावर तेच लिहिलं गेलं, आणि राख निवायच्या आत यंत्रं लावून सगळं उचलून सरोवराकाठच्या भरावात टाकलं. माझ्या त्या वेळच्या पत्रकातही एक ओळ होती: नशीब, आत कुणी नव्हतं. ती ओळ मीच लिहिली होती. मालकाच्या बाकी एका शब्दावर माझा विश्वास नव्हता, तेवढ्यावरच कसा बसला, देव जाणे.

त्या चित्रातल्या तिसऱ्या मजल्याच्या डाव्या खिडकीत एक ठिपका होता. दर प्रिंटमध्ये, त्याच जागी. फिल्म वाळताना कचरा चिकटून बसला असणार, असं मिस वर्डेलनी पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं. असा कचरा पुसून निघत नाही, तो बुजवायचा असतो. एकसष्ट प्रती घराबाहेर गेल्या, एकसष्ट वेळा बुजवला.

यंदा त्यांनी ठरवलं की तंबूच्या मागच्या भिंतीला हेच चित्र मोठ्ठं लावायचं, दारातून दिसेल असं. एवढ्या आकारात ते कधी केलं नव्हतं. मेळ्याला तीन आठवडे होते. दुपारचे दोन वाजले असतील, बाहेर लखलखीत ऊन आणि आम्ही दोघी तळघरात लाल दिव्याखाली. चित्र मोठं करायच्या यंत्राचा उजेड खालच्या पाटावर पडला होता आणि मिस वर्डेल छोट्या भिंगाला डोळा लावून चित्राची धार नीट करत होत्या. त्या भिंगात चित्राचे दाणे दिसतात, वाळूसारखे. दाणे स्पष्ट दिसले की चित्र स्पष्ट.

त्या खिडकीपाशी थांबल्या. बराच वेळ हलल्याच नाहीत. मला वाटलं कंबर धरली.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “धुळीला दाणे नसतात.”

मला काही कळेना. त्यांनी भिंग माझ्याकडे सरकवलं. धूळ फिल्मच्या वर बसते, तिची कड सुरीनं कापल्यासारखी असते. हा ठिपका मात्र दाण्यादाण्यांचा होता, भिंतीसारखा, बर्फासारखा. म्हणजे तो चित्रातलाच होता. त्या दिवशी त्या खिडकीत काहीतरी उजेडाचं होतं.

त्यांनी यंत्राचं डोकं वर छतापर्यंत नेलं, फक्त ती खिडकी कागदावर घेतली आणि कागद औषधात टाकला. आधी चौकट काळी झाली. मग आतला अंधार भरत गेला, सगळीकडून, आणि मधोमध एक जागा काही केल्या काळी होईना. कागद जितका काळवंडला तितकं ते उठून दिसायला लागलं. काचेचा कंदील. तो वर धरलेला हात, कोपरापर्यंत. आणि कंदिलामागे अर्धा गाल.

मिस वर्डेलनी हात धुतले. पुन्हा धुतले. मग जीभ रुमालाला पुसली आणि रुमालाकडे बघत राहिल्या. “एकसष्ट वेळा,” त्या म्हणाल्या, “चाटून चाटून पुसलाय मी त्याला.”

तो कोण, हे आम्हा दोघींनाही विचारायची गरज नव्हती. रूफस गिल्यार्ड तिसऱ्या मजल्यावर राहायचा, धान्याच्या कोठारावर पोती उचलायचा. त्या जानेवारीपासून तो दिसला नव्हता. त्याची बहीण म्हणजे आमच्या चर्चच्या मदर गिल्यार्ड; चर्चमधल्या वडीलधाऱ्या बाईला आम्ही मदर म्हणतो. वर्डेलला ‘वर्डेल’ म्हणणारं उरलेलं एकुलतं माणूस. आगीच्या आधीच्या रविवारी भावाबहिणीचं कडाडून भांडण झालं होतं. मदर म्हणत होत्या, माझ्याकडे राहायला ये. रूफस म्हणाला, बहिणीच्या सोफ्यावर झोपण्यापेक्षा अलाबामाला परत जाईन. तो दिसेनासा झाला तेव्हा पोलिसांनी सांगितलं, मोठा माणूस आहे, कुठेही जाईल. मदर धरून चालल्या की तो आग लागायच्या आधीच अलाबामाला गेला, आणि निरोप न घेता गेला म्हणून छत्तीस वर्षं त्याच्यावर धुमसत राहिल्या. सणाच्या जेवणाला त्याचं नाव कुणी काढलं तर भांडं आपटायच्या.

आणि ते चित्र मदरच्या जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर टांगलेलं होतं. मिस वर्डेलनीच भेट दिलेलं. प्रत क्रमांक सात.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, उद्याच्या उद्या याचं पोस्टर करू, सरकारी कचेरीच्या दारावर डकवू, वर्तमानपत्रवाल्यांना बोलावू. मिस वर्डेलनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, “तुझ्या मोर्च्याच्या लेखी तो आजवर मेलेला नव्हता. आज मेला म्हणून लगेच त्याला काठीवर चढवतेस? आधी त्याच्या बहिणीला कळू दे.” मला गप्प बसवणारी माणसं फार नाहीत.

सांगायला मात्र त्यांना नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत एकही प्रिंट झालं नाही. वर स्वयंपाकघरात असल्या तरी तळघराचं दार उघडं ठेवायच्या, आणि लाल दिवा चालूच. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, त्याला अंधारात ठेववत नाही. एकदा मी खाली गेले तर तो कागद त्यांनी दोरीला उलटा, तोंड भिंतीकडे करून टांगला होता. मी तो सरळ केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटा. मेळ्याची जागा परत देऊन टाकते, असं दोनदा म्हणाल्या. मदरना न सांगता ते चित्र जन्मात विकायचं नाही, आणि मदरना सांगायचं म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईच्या हातात अर्धा गाल ठेवायचा. काय म्हणून ठेवायचा?

दहाव्या दिवशी, रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही गेलो. मदरनी कोबीची भाजी आणि मक्याची भाकरी वाढली. टोपी अजून डोक्यावरच होती. मिस वर्डेलनी घास घेतला नाही. त्या उठल्या, भिंतीवरची फ्रेम काढली, मागचे खिळे उपसले. आमच्याकडे प्रिंट कधी पुठ्ठ्याला डकवत नाहीत, वरच्या कडेला कागदी पट्टीवर नुसतं टांगतात. म्हणून ते अलगद सुटलं.

मदर म्हणाल्या, “वर्डेल, दिलेली वस्तू परत नेतेस का गं? असली कसली अवदसा.”

“नेत नाही, मदर. धुते. पाणी द्या.”

टर्की भाजायचं मोठं पसरट भांडं होतं, त्यात पाणी भरलं. मिस वर्डेलनी पिशवीतून बाटली काढून अमोनियाचे चार थेंब टाकले आणि चित्र बुडवलं. तो करडा रंग पाण्यात सुटतो, औषधात तयार झालेला काळा सुटत नाही. त्यांनी कापसाचा बोळा घेऊन खिडकीवरून फिरवला, जसा तापल्या पोराच्या कपाळावरून फिरवतात. पहिल्यांदा काही झालं नाही. मग पाण्यात धुरासारखी एक बारीक रेघ निघाली आणि तिसऱ्या मजल्यावर उजेड आला.

मिस वर्डेलनी सगळं सांगितलं. ठिपका, दाणे, एकसष्ट. आपलं काहीही झाकलं नाही. मग पर्समधून मोठा केलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

मदर गिल्यार्डनी चष्मा बदलला. कंदिलावर बोट ठेवलं, गालावर नाही. मग बोलल्या, आणि आवाजात रडणं नव्हतं. त्या तेव्हा इस्पितळाच्या धुलाईखान्यात होत्या. पाळी सुटल्यावर चारच्या सुमाराची त्यांची बस अठ्ठ्याऐंशी नंबरवरून जायची. रूफस घरी असला की खिडकीत कंदील धरायचा, त्यांना बसमधून दिसेपर्यंत. वीज तोडली तेव्हापासून रोज; दारावर फळ्या ठोकल्यावरही, मागच्या जिन्यानं वर जाऊन. भांडण झालं तरी.

“त्या दिवशी बर्फामुळे बस मागच्या रस्त्यानं वळवली,” त्या म्हणाल्या. “मी मनात म्हटलं, बरं झालं. आज त्याचा कंदील बघायला नको.”

बाहेर कुणाची तरी गाडी गाणी वाजवत गेली. भांड्यातलं पाणी किंचित करडं झालं होतं. मिस वर्डेल ते ओतायला उठल्या तर मदरनी त्यांचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

रूफसचं मयताचं पुस्तक निघालं. आमच्याकडे मयताला चार पानी पुस्तक छापतात, वर माणसाचा चेहरा, आत त्याचं आयुष्य, शेवटी जेवणाचा पत्ता. त्याचा दुसरा फोटो कुणाकडेच नव्हता. म्हणून मुखपृष्ठावर कंदील, हात आणि अर्धा गाल. मेळ्याच्या आदल्या शनिवारी चर्च भरलं होतं. शवपेटी नव्हती. मदरनी टेबलावर एक कंदील ठेवला आणि तो स्वतः पेटवला. मिस वर्डेल त्या दिवशी तोंड उघडून गायल्या. सूर बरा नाही त्यांचा.

मी काही संत झाले नाही. सोमवारी त्या पुस्तकाची प्रत घेऊन सरकारी कचेरीत गेलेच. खिडकीतल्या माणसानं सांगितलं, इतके जुने कागद नाहीत. मग मी तिथेच खुर्चीवर बसले. अजूनही दर सोमवारी बसते.

मेळ्यात मागच्या भिंतीला ते मोठं चित्र लागलं, न बुजवलेलं. खाली नाव बदललं होतं: ‘रूफस घरी आहे’. मदर शेजारी घडीच्या खुर्चीवर, हातात लिंबाचं सरबत. दुपारी एक गृहस्थ आले, गवताची टोपी घातलेले, माहितगार. नाक लावून चित्र बघितलं आणि म्हणाले, वरच्या खिडकीत डाग राहिलाय, किंमत थोडी कमी होईल का?

मिस वर्डेल काही बोलायच्या आत मदर गिल्यार्ड म्हणाल्या, “तो डाग नाही, बाबा. भाडेकरू आहे.”

गृहस्थांनी टोपी काढली. विकत काही घेतलं नाही, पण वाकून पुन्हा पाहिलं.

आता तुमच्याकडे वळते. सातव्या प्रतीतला रूफस सुटला. साठ अजून तुमच्या भिंतींवर आहेत, दिवाणखान्यांत, दवाखान्यांत, वकिलांच्या कचेऱ्यांत, कुठल्या कुठल्या गावांत. साठ ठिकाणी तो कंदील धरून उभा आहे आणि त्याच्यावर करडा रंग आहे. घरी धुवायला जाऊ नका, कागद फाटेल. फ्रेम उतरवा, चित्र सपाट पुठ्ठ्यात बांधा आणि हार्लो स्ट्रीटवर मिस वर्डेल प्रुइटकडे आणा किंवा धाडा. पैसा पडणार नाही. त्या सत्तरीला टेकल्या आहेत आणि हात थरथरायला लागलाय, तेव्हा उद्यावर टाकू नका. आजच उठा, भिंतीपाशी जा, आणि त्याला खाली उतरवा.