पोन्सोची खूण

बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना रविवारी संध्याकाळी पाच वाजता होता आणि बोयेतच्या सलूनमधला टीव्ही नेमका दुपारी दोनला बंद पडला. पडद्यावर आडव्या रेघा आल्या, मग काळोख. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून बोयेत रस्त्यावर धावत आला आणि समोरच्या दुकानाच्या दारात ओरडला, "ताता पोन्सो! ताता, लवकर या, टीव्ही मेला!"

इल्देफोन्सो कारिंगल या माणसाला सिनिलोआन गावातली ती गल्ली ताता पोन्सो, म्हणजे पोन्सोकाका, म्हणूनच ओळखत होती. वय चौसष्ट. चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचा धंदा. पूर्वीचे पेटीएवढे टीव्ही तो डोळे मिटून उघडायचा. आताच्या चपट्या टीव्हींच्या आत दुरुस्त करण्यासारखं फारसं उरलं नाही अशी त्याची तक्रार असे. तरी त्याच्या हाताखालून गेला नाही असा एकही टीव्ही गल्लीत नव्हता. त्याने पेचकस आणि डाग देण्याची कांडी घेतली आणि तो निघाला.

सलूनमध्ये वीसेक माणसं आधीच जागा धरून बसली होती. भिंतीवर शंभर चौकटींचा तक्ता चिकटवला होता. दोन्ही संघांच्या अंतिम गुणांचा शेवटचा आकडा ज्याच्या चौकटीत जुळेल, त्याची पैज लागायची. पोन्सो दर सामन्याला एक चौकट घेत असे. त्याला कुणाची हरकत नव्हती, कारण चौकटीला डोळे नसतात.

पाऊण तासात टीव्ही सुरू झाला. टाळ्या पडल्या. पोन्सोने हत्यारं पिशवीत भरली, रिमोट टेबलावर ठेवला आणि रिवाजाप्रमाणे तो दाराकडे वळला. दारातच अलिंग सालिंग उभी होती. कोपऱ्यावर तिचा लुगावचा, म्हणजे भाताच्या पेजेचा गाडा होता, आणि सगळी गल्ली सालाकोट संघाची असताना ही एकटी बाई अमिहानची होती.

"निघालात कुठे, ताता? बसा की! आज पेज माझ्याकडून. वर उकडलेलं अंडं."

"सालिंग, गप बस," बोयेत वस्तरा हवेत धरून म्हणाला. "ताता, तिचं ऐकू नका. तुमच्या पाया पडतो, तुम्ही आपले तळ्यावर जा."

"का रे? एवढा भरवसा आहे तर बसू दे ना म्हाताऱ्याला."

"भरवसा संघावर आहे, ताताच्या ढुंगणावर नाही!"

सगळं सलून हसलं. पोन्सोही हसला. तेवीस वर्षं तो या ठिकाणी असाच हसत आला होता.

त्या मुलखात लोकांची एक पक्की समजूत आहे. ज्याच्या कुल्ल्यावर जन्मखूण असते तो माणूस संघाला पनवती. त्याने सामना पाहिला की जिंकत आलेला संघही हरतो. कुणी सारखा हरायला लागला की थट्टेत विचारतात, "बालात आहे का रे तुला?" बालात म्हणजे तीच खूण. इतरांच्या बाबतीत ही थट्टा सामन्याबरोबर संपते. पोन्सोच्या बाबतीत ती संपली नाही, कारण त्याच्या खुणेला साक्षीदार होता: त्याचा सख्खा थोरला भाऊ, कुया बेल्योंग, म्हणजे बेल्योंगदादा. आई तळ्यावर मासे विकायला जायची तेव्हा धाकट्या पोन्सोला आंघोळ घालणारा बेल्योंगच होता. शहाण्णव साली सालाकोट अंतिम सामना हरला, त्या संध्याकाळी बेल्योंगने भर गल्लीत सांगितलं की पोन्सोला खूण आहे, मी या डोळ्यांनी पाहिलीय. त्यावर कोण काय बोलणार? स्वतः पोन्सोलाही काही बोलता येईना. तिथलं स्वतःचं स्वतःला दिसत नाही.

त्यानंतर सालाकोट पाच वेळा अंतिम मालिकेत पोचला आणि चार वेळा हरला. पोन्सो दूर असतानाही हरला, तर लोक म्हणत, रेडिओ ऐकला असेल. एकदा तो तापाने फणफणून झोपला होता. तेव्हा म्हणाले, स्वप्नात पाहिला असेल. दोन हजार चार साली मात्र सालाकोट जिंकला. त्या आठवड्यात पोन्सो सांता क्रूझच्या इस्पितळात बायकोच्या, कोरिंगच्या उशाशी बसला होता. त्याने चेंडूचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता. झालं, शिक्कामोर्तब झालं. तीन दिवसांनी कोरिंग गेली. गल्ली अंत्यदर्शनाला आली, मनापासून रडली. त्यातल्या दोघांच्या अंगात अजून विजयाचा लाल सदरा होता. पोन्सोने ते पाहिलं आणि त्याला राग आला नाही. निदान यांचं तरी भलं झालं, असं त्याच्या मनात आलं. या माणसाचा स्वभाव असा होता.

सामन्याच्या वेळी तो तळ्याकाठी बांबूच्या धक्क्यावर बसायचा. गल्लीतला आरडाओरडा वाऱ्यावर तुटक तुटक यायचा. नुसत्या आवाजावरून त्याला कळे, बास्केट कुणाची, चूक कुणाची. पण दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये वाद रंगले की त्याला तोंड उघडता येत नसे. न पाहिलेल्या सामन्यावर बोलणार काय? टीव्हींच्या पाठी उघडण्यात हयात गेली आणि सामना मात्र त्याच्यासाठी नेहमी पडद्याच्या पलीकडेच राहिला.

त्या रविवारी तो धक्क्यावर गेला नाही. वाटेत बेल्योंगची मुलगी लूदी भेटली. "बाबांना तुम्ही हवे आहात, काका. आत्ता. सामना सुरू व्हायच्या आत या म्हणालेत."

बेल्योंगने चाळीस वर्षं जीपनी, म्हणजे उतारूंची जीप, चालवली होती आणि तेवढीच वर्षं सिगारेट ओढली होती. आता फुप्फुसं जवळजवळ कामातून गेली होती. खिडकीशी खाट, खाटेशी प्राणवायूचं नळकांडं, पायथ्याशी टीव्ही. डॉक्टरांनी लूदीला महिन्यांत नव्हे, आठवड्यांत हिशोब सांगितला होता.

"बस," बेल्योंग म्हणाला. त्याला दोन-तीन शब्दांनंतर थांबावं लागत होतं. "आज इथेच बस. माझ्याबरोबर बघ."

"कुया, वेड लागलंय का? तुझा हा शेव..." पोन्सोने जीभ चावली.

"शेवटचा. बोल की. म्हणूनच बस."

"बोयेत मला वस्तऱ्याने सोलेल. मी जातो. जिंकले की येतो, मग सगळं सांग मला."

"पोन्सो." बेल्योंगने डोळे मिटून घेतले. "ती खूण नाही."

"कुठली?"

"तुझी. नाहीच. मी कधी पाहिली नाही. आंघोळीला तू इतका नाचायचास की मी तुला धरू, का खूण शोधू?"

पोन्सोने हातातली पिशवी खाली ठेवली.

"त्या दिवशी सगळे माझ्यावर आले होते," बेल्योंग म्हणाला. "सालाकोटवर लावा, डोळे मिटून लावा, मीच सांगत फिरलो होतो. कुणी लग्नाची अंगठी लावली होती. मारलंच असतं मला. काहीतरी बोलायला हवं होतं. तू समोर उभा होतास."



"कोरिंग म्हणायची," पोन्सो म्हणाला.

"काय?"

"खूण नाही म्हणून. शपथ घेऊन सांगायची. मला वाटायचं, बायको आहे, ही असंच म्हणणार." त्याने खाटेच्या कडेला हात टेकला. "मी तिचं खोटं मानलं, कुया. तुझं खरं मानलं."

बेल्योंगच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण रडायलाही दम लागतो आणि तो त्याच्याकडे नव्हता. "म्हणून बस म्हणतोय. तू बघ, ते जिंकू देत. मग मी खिडकीतून ओरडून सांगेन सगळ्यांना. जायच्या आधी तुझ्यावरचं हे मला काढू दे."

आणि हरले तर? हा प्रश्न दोघांच्याही मनात आला. विचारला कुणीच नाही. आज पोन्सोने पाहिलं आणि सालाकोट हरला, तर ती नसलेली खूण त्याला जन्मभराची चिकटणार होती. आणि ती पुसायला बेल्योंग उरणार नव्हता.

पोन्सो खुर्ची ओढून बसला.

पहिल्या अर्ध्या तासात सालाकोट चौदा गुणांनी पुढे गेला. पोन्सो लहान मुलासारखा पाहत होता. चेंडू हातात येण्याआधीच खेळाडूचे पाय वळतात, हे धक्क्यावर बसून कधी ऐकू आलं नव्हतं. अकरा नंबरचा पोरगेलासा खेळाडू फेक करताना जीभ बाहेर काढतो, हेही नाही. "अरे, हा बघ, हा बघ!" तो बेल्योंगचा पाय हलवत म्हणाला.

तिसऱ्या भागात अमिहानने अंतर कापायला सुरुवात केली. चौदाचे नऊ झाले, नवाचे चार. सलूनमधून येणारा ओरडा खाली बसला. चाराचा एक झाला तेव्हा पोन्सो उठला.

"कुया, मी जातो. खूण असो नसो. मी बाहेर उभा राहतो, नुसता पाच मिनिटं."

बेल्योंगने त्याचं मनगट धरलं. पकडीत जोर काहीच नव्हता. "तू उठलास तर मीही उठेन."

"तू उठणार?"

"उठेन. मग लूदी तुला सोलेल."

पोन्सो बसला. मनगट सोडवून घेतलं नाही.

शेवटचे नऊ सेकंद उरले तेव्हा अमिहान एक गुणाने पुढे होता आणि चेंडू सालाकोटच्या कप्तानाकडे. कप्तान दोघांच्या मधून घुसला, उडाला, चेंडू कड्यावर एकदा आपटला, दुसऱ्यांदा आपटला आणि बाहेर पडला. भोंगा वाजला. एक्क्याण्णव, नव्वद.

गल्ली गप्प झाली. मग एकट्या अलिंग सालिंगची किंकाळी आली आणि तीही अर्ध्यावर थांबली, कारण हसायला बरोबर कुणी नव्हतं.

बेल्योंगने तोंड भिंतीकडे वळवलं. "मी ते आणखी घट्ट केलं," तो म्हणाला. "सांगू नकोस कुणाला. तळ्यावर होतो म्हण. लूदी काही बोलायची नाही."

पोन्सोने त्याची उशी सारखी केली. "कुया, खाली जीपनीचा आवाज आला की तू न बघता इंजिनचं दुखणं सांगायचास ना?"

"मग?"

"मला आज कळलं ते का हरले. नऊ सेकंदांत. मी पाहिलं ना."

तो बाहेर आला. सलूनसमोर माणसं रस्त्यावरच उभी होती, बोलायलाही नको होतं कुणाला. बोयेत एका खांबाला टेकला होता. पोन्सो तळ्याकडून नव्हे, बेल्योंगच्या दारातून येतोय हे पहिल्यांदा त्यानेच पाहिलं.

"ताता," तो हळू म्हणाला. "तुम्ही कुठे होतात?"

उत्तर तयार होतं. तेवीस वर्षं त्याने तेच दिलं होतं.

"कुयाकडे. सामना पाहिला. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"पाहिला?" बोयेतचा आवाज फाटला. "सगळा पाहिला? ताता, माहीत असून? चौदाने पुढे होतो आपण! चौदाने! आणि तुम्ही..."

"अकरा नंबर मोकळा होता," पोन्सो म्हणाला.

"काय?"

"डाव्या कोपऱ्यात. दोन्ही हात वर करून उभा. त्याच्यावर कुणी नव्हतं. कप्तानाने मान वर केली असती तर दिसला असता. आणि नऊ सेकंद असताना प्रशिक्षकाकडे एक टाइम-आउट शिल्लक होता. त्याने घेतला नाही. माझ्या खुणेने घ्यायचा होता का?"

बोयेत पुढे आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हाताच्या मुठी वळलेल्या होत्या. माणसं बाजूला सरली. लूदी दारात येऊन उभी राहिली.

"अकरा मोकळा नव्हता," मागून एक म्हातारा म्हणाला. "सात नंबर होता त्याच्यावर."

"सात घसरला होता," पोन्सो म्हणाला. "फरशीवर घाम होता तिथे. आधीच्या वेळी त्याच जागी पडला होता ना एक जण? पुसलीच नाही कुणी."

"हो रे, पडला होता," म्हातारा विचारात पडला.

"म्हणून काय अकराला द्यायचा?" बोयेत ओरडला, पण आता तो म्हाताऱ्यावर ओरडत होता. "पोरगं आहे ते! आज तीनदा चुकलंय!"

"कोपऱ्यातून नाही चुकलं. कोपऱ्यातून दोन टाकले, दोन्ही आत," पोन्सो म्हणाला.

"दोन नाही, एक!"

"दोन. दुसऱ्या भागात एक, चौथ्यात एक. तू पैज लावतोस का सामना बघतोस?"

कुणीतरी हुंकारलं. अलिंग सालिंगने तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावला. बोयेत बोटांवर मोजायला लागला. उद्या सकाळी हाच माणूस पनवती म्हणणार, हे पोन्सोला ठाऊक होतं. म्हणू दे. उद्या आपणही सलूनमध्ये असू.

बेल्योंगची खिडकी उघडी होती. पोन्सो दोन पावलं तिच्या बाजूला सरकला आणि आवाज चढवून त्याने कप्तानाची शेवटची उडी पहिल्यापासून सांगायला घेतली.