आबांच्या जिभेवरचा नाका

दिल्लीला औषधांचा कायदा झाला त्याच्या कितीतरी आधीपासून तो धुळ्यात आमच्या गल्लीला लागू होता, आणि त्याचं सगळं खातं एका माणसाच्या जिभेवर चालत होतं. तो माणूस म्हणजे माझे चुलतसासरे. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणे. त्यांची उभी हयात जकात नाक्यावर गेली होती. गाडी थांबवायची, पोत्यात टोचा खुपसायचा, चिमूटभर माल काढून तोंडात टाकायचा आणि मगच गाडी गावात सोडायची. पेन्शन झाली तसा नाका सुटला, पण तोंड काही सुटलं नाही. त्यांनी घराच्या ओट्यावर खुर्ची मांडली आणि जाहीर केलं की मुंबईहून किंवा विलायतेहून आलेली कुठलीही बाटली, डबी, वडी, पुडी त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणाच्या पोटात किंवा तोंडाला जायची नाही. त्यांना हा अधिकार कुणी दिला, हे कुणी विचारलं नाही. खुर्ची होती, माणूस बसला होता. आपल्याकडे एवढं पुरतं.

या नाक्यावर अडकलेला माझा पहिला माल म्हणजे तोंडाला लावायच्या स्नोची बरणी. मी जळगावची. लग्न होऊन नवीनच आले होते, आणि ही पोरगी म्हणजे फार शहाणी असं माझं माझ्याबद्दल ठाम मत होतं. बरणी संपेस्तोवर आपण पांढऱ्याशुभ्र होणार आणि सगळं धुळं डोळे दिपून आंधळं होणार, अशी माझी खात्री होती. आबांनी उंबऱ्यातच बरणी काढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी डाव्या गालाला स्नो चोपडून ओट्यावर बसू लागले. उजवा गाल तुलनेसाठी कोरा. जाणारा येणारा थांबून दोन्ही गाल बघे आणि आपलं मत देई. मी दाराआडून बघत होते, गालाकडे नव्हे, बरणीकडे. ती रोज खाली खाली चालली होती. अखेर निकाल लागला. गोरेपण शून्य, मात्र डाव्या गालावर डास कमी बसतात. बरणीवर ‘डासांकरिता’ अशी चिठ्ठी डकवून त्यांनी ती मला परत केली. आणि मी काय करावं? तळाशी उरलेला सगळा स्नो थापून भर वैशाखात असोद्याला नणंदेच्या घरी हळदीकुंकवाला गेले. घामाने चेहऱ्यावर असे पाट वाहिले की नणंदेची सासू म्हणाली, “अगं बाई, चक्कीवरून दळण आणलंस का?” डास मात्र खरंच एक चावला नाही.

खाण्याच्या बाबतीत आबा आणखी कडक. विलायती बिस्किटांचा डबा आला की एक बिस्किट आणि एक ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी शेजारी शेजारी पाण्यात भिजत घालायचे. बिस्किट विरघळायचं, भाकरी फुगून तशीच. “जे पाण्यात टिकत नाही ते पोटात काय टिकणार?” म्हणत डबा नापास. नापास माल नष्ट केला पाहिजे असा नाक्याचा नियम होता, आणि नष्ट करायचं काम आबा स्वतःच, चहाबरोबर, एकेक करून, अत्यंत कष्टी चेहऱ्याने पार पाडत. डब्यातल्या घट्ट दुधाची गाय बघायला मिळाल्याखेरीज ते दूध पास होणार नाही असंही त्यांनी दुकानदाराला कळवलं होतं. कपड्याच्या नव्या साबणाची परीक्षा त्यांनी स्वतःच्या कोटावर घेतली. त्यात कॉलरच विरून गेली, आणि कोटाला गळाबंदही म्हणता येईना.

पण खरा थाट औषधांचा. राजेरजवाड्यांना आधी चाखून बघणारी माणसं असतात, मग रयतेनं काय पाप केलं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गल्लीत कुणाच्याही घरी डॉक्टरची बाटली आली की पहिला डोस आबांचा. केळीच्या पानावर दोन थेंब टाकायचे, पान काळं पडतं का बघायचं, मग डोस घ्यायचा आणि ताठ बसून राहायचं. चाळीसगावला जाणाऱ्या गाडीची शिट्टी होईपर्यंत आबा बसलेलेच असले तर औषध पास. गाडीला उशीर झाला की इकडे आजारी माणसाचा ताप चढलेला. समोरची जिजी एकदा कमरेवर हात देऊन ओरडली, “आबा, मना पोऱ्याले ताप शे, आन् तुमी गाडीनी वाट दखी राह्यनात!” आबा हलले नाहीत. ओठ जेमतेम उघडून म्हणाले, “जिजी, मी मेलो तर एक म्हातारा जाईल. तुझा पोऱ्या गेला तर?” जिजी ओट्याच्या पायरीवर टेकली आणि गाडीची वाट बघू लागली. मीही. जुलाबाचं, खोकल्याचं, बाळंतिणीचं, कसलंही असो, तो माणूस पहिला घोट घ्यायचा. बाळंतिणीच्या औषधाने तर त्यांचं अंग असं काही भरलं की पुढे कुणाच्या घरी दिवस गेल्याचं कळलं की आबाच आधी चौकशीला जात.

लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या, दिवसांत दिल्लीला कायदा झाला. धुळ्याला तो पोचायला लढाई संपावी लागली. आमच्या ह्यांनी ओट्यावर पेपर वाचून दाखवला. “आबा, झालं तुमच्या मनासारखं. आता औषधं सरकार तपासणार.”

“कोण चाखणार?”

“चाखायचं नसतं. काचेच्या नळीत घालून बघतात.”

आबांनी केळीचं पान उलटं करून पाहिलं. मग म्हणाले, “नळीला मळमळतं का?”

आमच्या ह्यांनी पेपरची घडी घातली. गल्लीनं मात्र आपलं ठरवून टाकलं. गाडीची वाट बघून लोक कंटाळलेच होते. सरकार तपासतंय म्हटल्यावर बाटल्या मागच्या दारानं थेट घरात जाऊ लागल्या. आबा सकाळी खुर्ची मांडत, केळीचं पान धुऊन ठेवत, आणि संध्याकाळी ते सुकलेलं पान गाईला घालत. आठवड्याभरात त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. मग खुर्ची मांडायलाही उशीर होऊ लागला. एकदा ते मला म्हणाले, “सूनबाई, खुर्ची आत घेऊन टाका. उगीच वाटेत येते.” मी खुर्ची जागची हलवली नाही. खुर्ची आत गेली असती तर तिच्या मागोमाग आबाही गेले असते, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मग मी जिजीला गाठलं, आणि सगळ्या देशात औषधांचा कायदा लागू होत असताना आमच्या माजघरात बनावट औषधांचा कारखाना सुरू झाला. जुन्या बाटल्या राखेनं घासायच्या, चिठ्ठ्या तशाच ठेवायच्या. आत गुळाचं पाणी, ओवा, सुंठ, हिंगाचा खडा, रंगाला डाळिंबाची साल. गल्लीतल्या बायका पाळ्या वाटून घेतल्यासारख्या एकेक बाटली पदराआड धरून ओट्यावर जात. जिजी तर असं काही कण्हायची की मला वाटे, हिला खरंच काही झालं की काय. “दखा ना आबा, हाई खरं शे का खोटं?” आबा डोस घेत, ताठ बसत, आणि म्हणत, “बठ्ठं खोटं शे.” प्रत्येक बाटली नापास. त्यांची पारख इतकी अचूक कधीच ठरली नव्हती. जेवण पूर्ववत झालं. वांग्याच्या भरिताला मिरची कमी पडली म्हणून त्यांनी मला बोलसुद्धा लावले, तेव्हा मी मनात देवाला साखर ठेवली.

आपण केवढी मोठी चलाखी करतोय म्हणून मी घरात नाक वर करून वावरत होते. एका दुपारी आबांनी मला हाक मारली. ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं.

“सूनबाई, उद्याच्या बाटलीत जायफळ घाला जरा. हल्ली झोप लागत नाही.”

मी पदर सावरून, अगदी भोळा चेहरा करून विचारलं, “कुठल्या बाटलीत, आबा?”

“ज्यात ओवा घालता त्या,” ते म्हणाले आणि रस्त्याकडे बघत राहिले.

मी जायफळ उगाळून घातलं. त्या दिवशी त्यांनी डोस नाही घेतला, सबंध बाटली घेतली, आणि सकाळी ऊन ओट्यावर येईपर्यंत झोपले. उठल्यावर रिकामी बाटली घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

“नापास,” म्हणाले. “पण आज पुन्हा एक आणा. एकदा चाखून पक्कं कळत नाही.”

मी बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि राखेनं घासायला बसले.