दवाखान्यापर्यंत सोळा मिनिटं

गाडीला हात लावायच्या आधी शेजारचे भाऊजी मनगट कानाशी न्यायचे. घड्याळ चालू आहे ना हे आधी ऐकायचं, मग काटे बघायचे, आणि मगच गाडी स्टँडवरून उतरवायची. परत आले की कोणी विचारो न विचारो, आमच्या फाटकाशी थांबून सांगायचे, "आज साडेतेरा, वहिनी." मी म्हणायची, "बरं." दुसरं काय म्हणणार?

त्यांच्या-माझ्या घरांमध्ये एकच भिंत. गोळीबार चौकाच्या मागची ती सगळी विणकरांची वस्ती, घराघरांत हातमाग. लग्न होऊन मी तिथे आले तेव्हा पहिले दोन महिने त्या खटखटीने माझं डोकं उठायचं. नंतर अशी सवय लागली, की माग बंद असले तर दुपारी डोळा लागेना. त्यांच्याकडे दोन माग. एकावर ते बसायचे, दुसऱ्यावर त्यांचा धाकटा भाऊ. तो पुढे उमरेडला निघून गेला. त्यांची बायको चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. लेकरूबाळ नाही. ती माझ्यापेक्षा चांगली दहा वर्षांनी मोठी, तरी मला ताई म्हणायची, आणि तिच्या हातचा पाटवडीचा रस्सा आमच्याकडे आला नाही असा आठवडा जात नसे.

ती गेली आणि सहा महिन्यांनी त्यांनी एक माग विकून गाडी घेतली.

तुम्ही पाहिली असेल तसली गाडी. स्कूटर म्हणावी तर फारच किरकोळ, सायकल म्हणावी तर इंजिनवाली. दोन पायडल, बारीक चाकं, एका माणसाने उचलून ओसरीवर ठेवावी इतकी हलकी. तेव्हा नुकत्याच दिसायला लागल्या होत्या त्या नागपुरात. मास्तर लोक घ्यायचे, नर्सबाया घ्यायच्या. विणकराने माग विकून घ्यावी हे गल्लीत कोणालाच पटलं नाही. पानठेल्यावर बोलणी चालायची, "बायको गेली अन् याले पन्नाशीत जवानी आली." ते ऐकून न ऐकल्यासारखे पुढे निघून जायचे.

गाडी शिकताना त्यांनी आम्हाला हसवलं मात्र खूप. पायडल मारून इंजिन सुरू झालं की पाय नुसते ठेवून बसायचं असतं. यांचे पाय थांबायचेच नाहीत! मागाच्या खड्ड्यात बसून पायाने दांडे दाबण्यात जन्म गेलेला. इंजिन भुर्र करतंय, गाडी पळतेय, आणि वर हे आपले पायडल मारताहेत.

"अहो भाऊजी, इंजिन चालून राहिलं ना, मग पाय काहून मारता?"

"थांबत नाई ना वहिनी. थांबवले तं मले वाटते गाडीच थांबली."

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं. पंपावरच्या माणसावर यांचा भरवसा नाही. घरी आणून टाकीत बोट बुडवायचे, सूत रंगलं की नाही ते बघतात तसे दोन बोटांत चोळून उजेडात धरायचे. "जरासक फिक्कं हाये," म्हणत पुन्हा ऑइल घालायचे, आणि मग गल्लीभर निळा धूर. माझे वाळत घातलेले पापड मी तीनदा आत घेतले असतील त्या पायी. दुकानदाराने सांगितलं होतं म्हणे, नवीन इंजिन आहे, पहिले काही दिवस हळू चालवा, बसू द्या. ते तेवढं यांनी ऐकलं नाही. पहिल्या आठवड्यापासून हँडलचा कान पिळून पळवायचे.

आणि पूजाही केली नाही. गाडी आली त्या दिवशी मी भिंतीवरून वाकून म्हटलं, "भाऊजी, नारळ तरी फोडा. लिंबू तरी ठेवा चाकाखाली."

"गाडी कामाची हाये वहिनी," ते शांतपणे म्हणाले. "पूजा काय, होईल मंग."

मी दूध उतू जातंय असं सांगून आत पळाले. दूध-बिध काही नव्हतं चुलीवर. ओट्याला धरून उभी राहिले. का, ते सांगते. या वयात लपवून तरी काय करू?

त्याच्या सहा महिने आधीची, चैत्रातली दुपार होती. आमची स्कूटर त्याच दिवशी सकाळी आली होती. कितीतरी वर्षं नंबर लावून वाट पाहिलेली. आमच्या ह्यांनी रजा घेतली, दुकानातून आणून गल्लीत दोन चकरा मारल्या, मी ओवाळलं, अंगणात लावून वर चादर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीच्या गणपतीला न्यायची, तिथे पूजा, आणि मग कुठेही. आपल्याकडे नवी गाडी आधी टेकडीलाच जाते, तुम्हाला काय सांगायचं. जेवून हे झोपले. अडीचच्या सुमाराला दार वाजलं. दारात भाऊजी.

"वहिनी, दादा हायेत का? तिले छातीत दुखून राहिलं. गाडीवर दवाखान्यात सोडून देतील का?"

बिनपूजेची गाडी. तिच्यावर पहिलं बसणार ते आजारी माणूस, आणि पहिला रस्ता दवाखान्याचा. पापणी लवायच्या आत हे सगळं माझ्या डोक्यात आलं. म्हटलं, उन्हाने झालं असेल, वायू धरला असेल. आणि तोंडातून निघालं, "हे झोपलेत भाऊजी. आणि गाडीत पेट्रोलच नाही हो."

"बरं बरं. झोपू द्या, उठवू नका," असं म्हणून ते चौकाकडे पळाले.

भर उन्हात रिक्षा लवकर मिळेना. मिळाली ती सायकलरिक्षा. पुलाचा चढ लागला तसा रिक्षावाला खाली उतरून ओढायला लागला. त्या चढावरच ती गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं.

ह्यांना मी त्यातलं काही सांगितलं नाही. शेजारी मयत झाली म्हणून आमची पूजासुद्धा आठ दिवस पुढे गेली. एवढं करून मी काय राखलं होतं, तुम्हीच सांगा.

तर भाऊजी गाडी घेऊन रोज अडीच वाजता निघायचे. महिनाभराने मी धीर करून विचारलं, "कुठे जाता हो रोज?"

"दवाखान्याच्या गेटपर्यंत. जातो अन् वापस येतो."

"कोणी आहे का तिथं?"

"आता कोण राहणार? किती टाइम लागते, ते पाहून राहिलो."

त्यानंतर माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. अडीचला पलीकडे इंजिन सुरू व्हायचं आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायची. आता चौक आला असेल. आता पूल. विकलेल्या मागाची जागा रिकामी, दुसरा माग ते क्वचितच चालवायचे, त्या घरात चिटपाखरू नसायचं. आणि तरी मला पलीकडून चरखा ऐकू यायचा. बारीक घर्र, मध्ये कांडी बदलायला थांबतो तेवढा थांबायचा, पुन्हा घर्र. मी भिंतीला कान लावून उभी राहिलेय, खोटं कशाला बोलू. कान लावला की बंद व्हायचा. एकदा तर स्वयंपाकघरात पोळी लाटताना मागून "ताई" असं ऐकलं, आणि मी वळले नाही. वळायची हिंमतच झाली नाही.

ते मात्र परत येऊन सांगायचे, "आज तेरा." "आज सव्वाबारा, रस्ता मोकळा होता." त्यांच्या आवाजात ना राग, ना टोमणा. तेच मला सहन व्हायचं नाही. माणसाने शिव्या घालाव्या एक वेळ.

दिवाळीनंतर एका दुपारी गाडी आमच्या फाटकाशी लावून ते आत आले. उभेच राहिले.

"वहिनी, एक काम होतं. नाई म्हणावंसं वाटलं तं नाई म्हणा."

"बोला ना."

"एकट्यानं जाण्यात काही अर्थ नाई. मागं ती बसली असती ना. तुमचं वजन बराबर तिच्याएवढंच हाये. एक डाव याल का?"

मी चप्पल घातली आणि पदर खोचून मागे बसले. मागच्या कॅरिअरवर त्यांनी लुगड्याची घडी बांधून ठेवली होती. पानठेल्यावरचे तोंडात पान तसंच ठेवून बघत राहिले. बघू देत मेले, म्हटलं. भाऊजींनी मनगट कानाला लावलं, गाडी सुरू केली आणि मान न वळवता म्हणाले, "जरासक टेका वहिनी. ती काही ताठ बसली नसती."

मी कपाळ त्यांच्या पाठीला टेकवलं. सदरा घामाने ओला झाला होता. चौक गेला, बाजार गेला. डोळे मिटले होते मी, आणि देवाशपथ सांगते, मला छातीत दुखायला लागलं. पुलाचा चढ आला. दोघांच्या वजनाने इंजिन रडायला लागलं, गाडी आता थांबते की मग थांबते. यांचे ते वेडे पाय मात्र चाललेच होते. एकेक पायडल सगळा जीव लावून मारत त्यांनी ती चढावर नेली. वर पोचलो तेव्हा ते स्वतःशीच बोलले, "चढली. चढते."

दवाखान्याच्या गेटशी थांबून त्यांनी घड्याळ बघितलं. "सोळा."

मी उतरले. रस्त्यावर माणसं येत-जात होती, कोणीतरी संत्री विकत होतं, आणि मी तिथे उभ्या उभ्या म्हणाले, "भाऊजी, त्या दिवशी गाडीत पेट्रोल होतं."

"माहीत हाये मले."

"माहीत आहे?"

"सकाळी दादांनी दोन चकरा मारल्या नव्हत्या का? मी मागावरून आयकत होतो. पेट्रोल नाई तं गाडी काय पाण्यावर चालली?"

ते गाडीच्या हँडलवरची धूळ पुसत बसले. मग म्हणाले, "तुमच्याकडं येण्याच्या आधी मी काय करून राहिलो होतो, ते तुम्ही कधी इचारलं नाई."

"काय करत होतात?" मी विचारलं.

"दीड वाजताच म्हणाली ती. चरखा थांबवला अन् म्हणाली, अवो, छाती भरून आली. मी पदर विणून राहिलो होतो. चार बोटं राहिला होता. मागावरून अर्ध्यात उठलं तं कापडात रेघ पडते, वहिनी. मंग ते लुगडं शेठ घेत नाई. म्हटलं, पड जराशी, पदर होऊ दे. तिनं बी म्हटलं, होऊ द्या. एक घंटा बसलो मी तिथं." त्यांनी पुसायचं थांबवलं. "रेघ नाई पडली. एकदम साफ निघाला पदर."

संत्रीवाल्याने आमच्याकडे बघून भाव सांगितला. आम्ही दोघांनी त्याला मान हलवून नको म्हटलं.

"रिक्षानं एकेचाळीस मिनटं लागले होते," भाऊजी म्हणाले. "गाडीनं सोळा. तुमच्या अंगावर पंचवीस मिनटं येतात. तेवढे वजा केले, तरी माहावाला घंटा उरतेच. मले वाटत होतं, गाडीचा टाइम जास्त निघाला तं तुमच्या डोक्यावरून ते बी जाईल. पण नाई निघाला. खोटं काहून सांगू तुम्हाले?"

म्हणजे हा माणूस सहा आठवडे भर उन्हात माझी मिनिटं कमी करत फिरत होता! मी रस्त्यातच तोंडाला पदर लावून रडले. आणि एक खरं सांगते, रडताना आत कुठेतरी बरंही वाटलं, की माझ्यापेक्षा त्यांची चूक मोठी निघाली. त्या बरं वाटण्याची लाज मला अजून पुरून उरते. क्षमा केली असं ते म्हणाले नाहीत. मीही मागितली नाही. कोणत्या तोंडाने मागणार होते?

त्यानंतर ते अडीचला निघायचे बंद झाले. संक्रांतीच्या आधी उरलेला माग त्यांनी बैलगाडीवर चढवला आणि भावाकडे उमरेडला जायचं ठरवलं. जायच्या आधी आठ दिवस मात्र त्यांनी मला रोज सकाळी मैदानावर नेऊन गाडी शिकवली. मी दोनदा पडले, कोपर फुटलं. आमचे हे म्हणाले, "आपल्याकडे स्कूटर असताना तुला हे काय खूळ?" मी म्हटलं, "तुम्ही दिवसभर हापिसात. गाडीही तुमच्याबरोबर."

शेवटच्या दिवशी भाऊजींनी गाडी आमच्या अंगणात आणून लावली. मी नको नको म्हटलं.

"मी काय करू हिले नेऊन? तिथं दवाखाना गल्लीच्या तोंडाशीच हाये," ते म्हणाले. "अन् हे पाहा वहिनी, कोणी बोलवाले आलं तं लगेच निघत जा. चुलीवरचं राहू द्या, कशाची वाट पाहू नका."

पुढे ते कधी आले नाहीत. तीनेक वर्षांनी उमरेडहून त्यांच्या भावाचं पोस्टकार्ड आलं, तोवर तेरावाही होऊन गेला होता. विणता विणता मागावरच मान टाकली म्हणे. लुगडं अर्धं राहिलं.

ती गाडी मी पुष्कळ वर्षं चालवली. हळूहळू वस्तीला कळलं, की कोणाचं दुखलं-खुपलं तर या बाईला हाक मारायची. बाळंतपणाच्या बाया नेल्या, विंचू चावलेले नेले, पानठेल्यावरच्या त्या टवाळांपैकी एकाचा म्हातारा बाप नेला. अमावस्या पाहिली नाही, हात धुवायला थांबले नाही. चढावर गाडी रडायला लागली की पायडल मारायची, आणि मागच्याला म्हणायची, धरून बसा, आलोच आपण. बहुतेक सगळे बरे होऊन घरी आले. कोणाला म्हणून मी नाही म्हटलं नाही. पण जिला नाही म्हटलं होतं, ती काही त्यांच्यात नव्हती.