मांडवातून आत आलेला बंब

अग्निशमन दलाबद्दल आपल्याकडे दोनच वाक्यं ठरलेली आहेत: बंब उशिरा आला, आणि बंबात पाणीच नव्हतं. बंब अडला कशाने, हे विचारायला कोणाला वेळ नसतो. म्हणून मी सांगतो.

अकोल्यात आमचं गाद्या भरायचं दुकान आहे. खाली कापूस, वर आम्ही. त्या दुपारी पिंजायच्या यंत्रातून ठिणगी उडाली आणि कापूस धडाडला. मी बाहेर पळालो. बाबांचा पाय प्लास्टरमध्ये, ते वरच राहिले. जिन्यात शिरलो, धुराने गुदमरून परत फिरलो. पुन्हा शिरलो, पुन्हा तेच.

बंब लवकर आला आणि गल्लीच्या तोंडाशी थांबला. तिथे लग्नाचा मांडव घातला होता, रस्ताभर आडवा. 'रस्ता अडवून मांडव टाकू नका' अशी पत्रकं मी वर्षभर वाटत होतो, अग्निशमन केंद्रावरही देऊन आलो होतो. तेव्हा याच नवरीच्या बापाने मला ऐकवलं होतं, "तुह्या लग्नात कुठं टाकशीन रे, गच्चीवर?"

आता तो कडेच्या एका खांबाला धरून उभा होता. ती मुहूर्तमेढ. लग्न लागायच्या आधी ती हलवत नाहीत; हलली तर पोरीचं वाईट होतं म्हणतात.

"उपटा ना ते!" मी ओरडलो. "माहा बाप मरून राहिला तिकडं!"

बंबावरून एक मिशीवाले जवान उतरले. "मेढ राहू द्या काका, तिले कोणी हात लावत नाही. बाकीच्या दोऱ्या सोडा." मग माझ्याकडे वळले, "अन् तू काहून उभा आहे? पत्रकं मंग वाट. कापड उचल!"

सगळ्यात आधी धावली ती नवरी, हळदीने माखलेली. तिच्यामागे तिची आई, मग पाहुणे. सगळ्यांनी मिळून कापड डोक्यावर धरलं, चालकाने आरसा दुमडला, आणि बंब मेढीला न शिवता आत सरकला. मधे बोटभर जागा होती.

पाठीवर हवेची नळकांडी बांधून दोघे वर गेले. बाबांना उचलून आणलं. काळेठिक्कर, खोकत, पण जिवंत.

मला वाटलं, झालं. पण कापूस वरून विझला तरी आतून धुमसतो. त्यांनी संध्याकाळपर्यंत एकेक गादी फाडली, कापूस रस्त्यावर पसरून भिजवला. व्हिडिओ काढणारे केव्हाच पांगले होते. ज्यांना वाट द्यायला आपल्या जिवावर येतं, त्यांनी आमच्यासाठी अख्खी दुपार घातली. आणि त्या लग्नघरचेही उपकार सांगितलेच पाहिजेत. त्यांची हळद खोळंबली, पण एकानेही तोंड वाकडं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर गेलो. मिशीवाले नव्हते. बाळापूरच्या बाजूला विहिरीत म्हैस पडली होती, तिला काढायला गेले होते. तिथल्या ताईंनी त्यांना फोन लावून माझ्या हातात दिला. मागे माणसांचा आरडाओरडा, म्हशीचं रेकणं. मी आभाराचं काही जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनीच विचारलं,

"बाबा कसे आहेत?"

"जेवून राहिले."

"बस मंग. ठेवतो, दोर हातात आहे."