ओहोटीची दुपार

तार आली तेव्हा मी नागपूरच्या घरी दाढी करत होतो. "कुसुम गेली. ये." एवढाच मजकूर. दादा बोलतानाही असाच बोलतो, त्यामुळे तारेतून त्याचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला आणि अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी खाली बसलो. वहिनींना कावीळ झाल्याचं कळलं होतं, मी भेटूनही आलो होतो, पण उसाचा रस, पथ्यपाणी, पवनीचे डॉक्टर, सगळं चाललंय म्हणताना कावीळ उतरेल असंच आम्ही धरून चाललो होतो. आमच्या गावी, कोंढ्याला, पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती. वहिनींचं तोंडही मला दिसलं नाही. या गोष्टीला आता दीडेक महिना झाला. चाळिशीसुद्धा गाठली नाही त्यांनी. मला अजून राग येतो... कुणाचा ते विचारू नका, पण येतो.

कुसुमवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर विजयदुर्गाकडच्या एका खाडीकाठच्या गावात. समुद्रकाठची मुलगी धानाच्या मुलखात कशी येऊन पडली, हे कोंढ्यातल्या बायकांना पुढे कित्येक वर्षं कोडंच होतं. झालं असं की त्यांचे मामा पाटबंधारे खात्यात, पवनीला. आई वारल्यावर मन रमावं म्हणून वहिनी काही महिने मामांकडे राहायला आल्या. आमच्या बाबांचं तलावाच्या दुरुस्तीसाठी त्या कचेरीत सारखं जाणं-येणं. तलाव दुरुस्त व्हायला पुढे बराच काळ गेला, लग्न मात्र चटकन जमलं.

नवी नवरी म्हणून दादाने त्यांना सगळ्यात आधी काय दाखवलं असेल, तर गावचा तलाव. आमच्याकडे तलाव म्हणजे सगळं. त्याच्या पाण्यावर धानाच्या बांध्या पिकतात, त्याच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बंधाऱ्यावर, लग्नं ठरतात आणि भांडणंही तिथेच मिटतात. मी मागोमाग गेलो होतो. वहिनी पाळीवर उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहे हो. पण हे पाणी आवाज करत नाही." दादाने ऐकलं आणि खाली मान घालून पायातला काटा काढायला लागला. काटा नव्हताच, मला ठाऊक आहे.

पुढची दोन वर्षं वहिनी आमच्या घरात वावरल्या त्या पाहुण्यासारख्या. कामाला वाघ, तक्रार नाही, पण दुपार कलली की मागच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. "आता आमच्याकडे वारा फिरला असेल," म्हणायच्या. आमच्याकडे मे महिन्यात त्या वेळेला कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. आई चिडायची. "काय पाहून राहिली वं तिकडे? लू लागन ना!" वहिनी आत यायच्या, पण मन तिथेच उंबऱ्याबाहेर ठेवून. आणि दादा? दादाचं बायकोवर प्रेम होतं हे आम्हाला दिसत होतं, पण ते तिला सांगायला त्याला तोंड नव्हतं. त्याचं सगळं बोलणं बैलांशी.

तिसऱ्या उन्हाळ्यात वहिनींच्या वडिलांचं, अण्णांचं, पत्र आलं. अण्णांची एक लहान शिडाची होडी होती. वहिनींच्या लहानपणी दर मे महिन्यात ते सगळ्या कुटुंबाला त्या होडीत घालून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत नेऊन आणायचे. काम काही नाही, नुसती सहल. आज या खाडीत मुक्काम, उद्या त्या वाळूच्या पुळणीवर चूल. बायको गेल्यापासून ते बंद पडलं होतं. आता एकदा जायचंय, लेकीला आणि जावईबापूंना घेऊन, असं त्यांनी लिहिलं होतं. बाबा कुरकुरले, "शेतात खत कोण टाकन?" दादा म्हणाला, "जातो." बस. मला त्याने बरोबर घेतलं, कारण सासऱ्यांशी एकट्याने बोलायची त्याची छाती नव्हती. मी नुकतीच बी.एस्सी.ची परीक्षा दिली होती आणि फुकटात समुद्र बघायला मिळतोय म्हटल्यावर एका पायावर तयार होतो.

त्या होडीत मी ज्या वहिनी पाहिल्या, त्या माझ्या ओळखीच्या नव्हत्या. कोंढ्यात डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई लुगड्याचा काष्टा मारून सुकाण्यावर बसली होती. "दोर सोडा! अहो, तो नव्हे, तो! डोकं खाली!" अशी नवऱ्यावर ओरडत होती. दादा धडपडत नको तो दोर धरायचा, शिडाचा आडवा बांबू त्याच्या टाळक्यावर बसायचा आणि अण्णा मिशीत हसायचे. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटला की निघायचं, किनारा डाव्या हाताला ठेवून जायचं आणि दुपारी समुद्रावरून वारा जोरात भरला की एखादी खाडी गाठायची. शीड भरलं की होडी एका अंगाला कलायची आणि वहिनी तोंड वर करून डोळे मिटून घ्यायच्या. मला ओकाऱ्या होत होत्या तरी एवढं दिसत होतं, की या बाईला इथून परत नेणं म्हणजे पाप आहे. दादालाही दिसत असणार. तो दिवसेंदिवस आणखी गप्प होत चालला होता.

मग आचऱ्याच्या खाडीत ती गोष्ट घडली. सकाळी भरतीबरोबर आम्ही आत शिरलो. अण्णा चुलतभावाला भेटायला गावात गेले. पहाटेपासून सुकाणू धरून दमलेल्या वहिनी होडीतच आडव्या झाल्या आणि त्यांना झोप लागली. ऊन चढलं, त्यांच्या तोंडावर आलं. दादाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. काठाशी खाऱ्या पाण्यातच वाढणाऱ्या तिवराच्या झाडांची दाट सावली होती. त्याने नांगर उचलला, बांबू घेतला आणि आमच्या तलावात डोंगा रेटतात तशी ती होडी अलगद, झोपमोड न करता, झाडांच्या पार आत नेली. एका खोडाला आखूड दोराने घट्ट बांधली. "हे पाह्य," मला म्हणाला, "आता कसं मस्त झालं." आणि आम्ही दोघेही तिथेच आडवे झालो.

जाग आली ती भांडी घरंगळण्याच्या आवाजाने. होडी कुशीवर पडली होती. पिण्याच्या पाण्याची कळशी उपडी. बाहेर पाहतो तर पाणी नाही! सकाळी जिथे खाडी होती तिथे लांबच लांब काळा चिखल आणि त्यात तुरुतुरु पळणारे खेकडे. दादा उभा राहून डोळे फाडफाडून बघत होता. "पाणी कुठी गेलं?" मग एकदम ओरडला, "कोनं तुडूम खोललं बे?" तुडूम म्हणजे आमच्या तलावातून बांध्यांना पाणी सोडायचं दार. आमच्याकडे एवढं पाणी एका सकाळीत गेलं, तर कुणीतरी चोरून तुडूम उघडलं असाच त्याचा अर्थ होतो आणि माणसं लाठ्या घेऊन पाळीवर धावतात. भरती-ओहोटी आम्ही दोघेही शाळेत शिकलो होतो, मी तर परीक्षेत तिची आकृतीही काढली होती. पण हाडात मुरलेला तलाव असा जातो थोडाच!

वहिनी उठून बसल्या. आधी त्यांना कळेना. मग दादाचा चेहरा पाहिला, तो आखूड दोर पाहिला आणि त्या हसायला लागल्या... हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, पोट धरून आडव्या झाल्या. दोन वर्षांत आमच्या घरात ते हसू कुणी ऐकलं नव्हतं. दादा बिचारा कानकोंडा होऊन उभा. आता अंधार पडेपर्यंत होडी हलणार नव्हती आणि प्यायला थेंब नव्हता. तो कळशी घेऊन चिखलात उतरला आणि गावाच्या दिशेने चालू लागला. चिखल मात्र त्याच्या ओळखीचा. धान रोवायच्या बांधीत चालावं तसा तो झपझप जात होता.

तो लांब गेल्यावर वहिनींनी डोळे पुसत विचारलं, "भाऊजी, पण इतकी आत कशाला आणली हो यांनी होडी?"

"तुमच्या तोंडावर ऊन येऊन राहिलं होतं," मी म्हणालो. "म्हून सावलीत आणली."

वहिनींनी वर झाडांच्या सावलीकडे पाहिलं. उकाडा मरणाचा, वारा पडलेला. शेवटी झाडांपलीकडून दादा येताना दिसला. मांडीपर्यंत चिखल, डोक्यावर भरलेली कळशी, एक हात कळशीला आणि दुसरा तोल सांभाळायला पसरलेला. तिवराच्या मुळांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या शिंपल्यांच्या कडा सुरीसारख्या. त्याचं पाऊल उचललं की लाल दिसत होतं. तरी पाणी सांडू नये म्हणून एकेक पाय जपून टाकत तो येत होता. वहिनी त्याच्याकडे बघत होत्या. माझ्याकडे न पाहताच त्या हळू म्हणाल्या, "भाऊजी, मी परत यायची नव्हते. अण्णांना सांगून ठेवलं होतं, मी आता इथेच राहणार म्हणून." मी घरंगळलेली भांडी गोळा करायला लागलो. "दोन वर्षांत यांनी मला एक गोष्ट विचारली नाही हो... मला वाटायचं, यांना मी दिसतच नाही." मग म्हणाल्या, "येते मी कोंढ्याला. पण हे यांना कधी सांगायचं नाही. शपथ आहे."

मी नाही सांगितलं. दादा आला, कळशी ठेवली, वहिनींनी आधी त्याचे पाय धुतले आणि उरलं ते पाणी आम्ही प्यायलो. अंधार पडताना पाणी परत आलं आणि होडी सरळ झाली. मालवण झालं, परतीचा प्रवास झाला, आम्ही तिघे कोंढ्याला आलो.

त्यानंतरच्या वहिनी आमच्या झाल्या. मुलगी झाली, मुलगा झाला. "काहून रे, जेवाले काहून नाही आला?" असं त्या तोंडभर बोलायला लागल्या आणि स्वतःच्याच बोलण्याला हसायच्या. एका दिवाळीत तर त्यांनी तलावात मासे धरणाऱ्या धिवरांचे दोन डोंगे शेजारी शेजारी बांधून घेतले, मध्ये बांबू उभा केला, आपलं जुनं लुगडं त्याला शीड म्हणून लावलं आणि अख्खं गाव पाळीवर जमलेलं असताना तलावात फेरी मारली. बाबांनी कपाळावर हात मारला. पण मग गावातल्या बायका एकेक करून पुढे आल्या, "मले बी बसव ना वं कुसुम," म्हणत. संध्याकाळपर्यंत ते लुगडं तलावावर फिरत होतं. दादा पाळीवर उकिडवा बसून एकटक बघत होता.

म्हणून समुद्र सुटला होता असं मी म्हणणार नाही. दुपार कलली की त्या मागच्या दारात उभ्या राहायच्याच. अण्णा गेले, होडी विकली गेली त्या वर्षी दोन दिवस जेवल्या नाहीत. शेवटच्या भेटीत, अंगावर पिवळेपणा चढलेला असताना, मला म्हणाल्या, "भाऊजी, बरी झाले की आपण पुन्हा जाऊ. या खेपेला यांना नांगर टाकायला शिकवू." मी होहो म्हटलं. आता दुपारी ऑफिसात पंखा गरगरत असला की मला ते वाक्य आठवतं आणि काम सुचत नाही.

मागच्या आठवड्यात कोंढ्याला गेलो होतो. निघायच्या सकाळी दादा आणि मी दोघेच घरात होतो. तो सारखा एकच म्हणत होता, "तिचा जीव तिकडेच होता. मी तिले उगीच येथी आनलं." मला राहवलं नाही. शपथ घालणारीच आता नव्हती. मी सगळं सांगून टाकलं... चिखल, कळशी, त्या काय म्हणाल्या ते, अगदी शब्दन् शब्द.

दादाने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "ते वापस येनार नव्हती, हे मले मालूम होतं."

"कसं?"

त्याने खाटेखालून वहिनींची पत्र्याची पेटी ओढली. मी दरवेळी नागपूरला तांदूळ नेतो, ते काढून द्यायला. "हे पेटी त्या उन्हाळ्यात घरून मोटरीपर्यंत मीच डोक्श्यावर नेली ना," म्हणाला. "चार लुगड्यांची पेटी एवढी जड रायते का? झाकन लावताना मी पायलं, आत शाल होती. तिच्या मायचा फोटो होता. मे महिन्यात माहेराले जाताना शाल कायले लागते?"

"मंग तू नेलं काहून तिले?"

"जावाचं होतं तिले," दादा म्हणाला. "अडवून काय करू?"

पेटीत चिन्नोर तांदूळ होते, काठोकाठ. दादाने माझी पिशवी भरायला घेतली. "वापस आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं हे पेटी खाली केली. शाल खुंटीले टांगली, अन पेटीत तांदूळ भरले. मंग कितीकदा माहेरी गेली, पन पेटी नाही नेली. पिशवी घेऊन जाये." ओंजळ हातात तशीच धरून तो थांबला. "दर खेपेले पिशवी मीच घेऊन जात होतो मोटरीपर्यंत. हातात धरून पाहत होतो... हलकी राहे."